तुळशीचे भाऊबंद

शहापूर-वाड्याच्या रानात उभा असलेला साग आणि आपल्या दारातली तुळस ही एकाच कुळातली आहेत. पुदिना, सब्जा, कुंडीतला पानओवा, एवढेच काय पण पावसाच्या सुरुवातीला बाजारात येणारी भारंगीची भाजी, ही सगळी त्याच घरची माणसे.

हे मी मध्यंतरी आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर सांगितले तेव्हा एक सद्गृहस्थ चांगलेच वैतागले. "सर, या शास्त्रज्ञांना काही उद्योग नाही. आम्ही कॉलेजात सागाचे कुल वेगळे पाठ केले होते, तुळशीचे वेगळे. आता म्हणतात एक. उद्या आणखी काही म्हणतील. मग शिकलो ते सगळे खोटेच का?" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मला हा प्रश्न गंभीर वाटतो. माणसे पुढे लस, हवामान, औषधे यांच्याबद्दलही अगदी हेच वाक्य म्हणतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावे असे मनात होते.

मी कला शाखेचा माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. झाडांचा नाद निवृत्तीनंतरचा. पण वर्गीकरण हा प्रकार भाषेच्या मास्तरला परका नाही. नाम, सर्वनाम, विशेषण असे शब्दांचे गठ्ठे आम्हीही बांधतोच, आणि वैयाकरणांची भांडणे ज्याने वाचली आहेत त्याला वनस्पतिशास्त्रज्ञांच्या भांडणाचे नवल वाटत नाही.

माणूस गठ्ठे बांधतो ते आधी डोळ्यांनी. आपल्या जुन्या लोकांनी प्राण्यांचे अंडज, जरायुज, स्वेदज, उद्भिज्ज असे प्रकार केले, म्हणजे जन्म कसा होतो यावरून. चरकसंहितेत वनस्पतींचे चार प्रकार येतात. फूल न दिसता फळ धरणारी ती वनस्पती, फूल येऊन फळ येणारा तो वानस्पत्य, फळ पिकले की मरणारी ती ओषधी आणि पसरणारी ती वीरुध. आज आपण सरसकट सगळ्या झाडाझुडपांना 'वनस्पती' म्हणतो, पण मूळ अर्थाने वनस्पती म्हणजे वड, पिंपळ, उंबर. आपला 'उंबराचे फूल' हा वाक्प्रचार याच निरीक्षणातून आलेला. उंबराला फुले असतात, पण ती फळ समजल्या जाणाऱ्या गोळ्याच्या आत. बाहेरून पाहणाऱ्याने 'फूल नाही' म्हटले तर त्याची काही चूक नव्हती.

पुढे स्वीडनच्या लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींना दोन शब्दी नावे देण्याची पद्धत रूढ केली. आधी प्रजातीचे नाव, मग जातीचे. शाळेच्या हजेरीपटात जसे आडनाव आधी आणि नाव मागून, तसेच. फुलझाडांचे वर्ग पाडताना मात्र त्याने मुख्यतः पुंकेसर मोजले. एक पुंकेसर असलेल्यांचा एक वर्ग, दोन असलेल्यांचा दुसरा, असे करत चोवीस वर्ग. सोय उत्तम होती. फूल हातात घ्या, मोजा, खाना सापडतो. पण वर्गातल्या मुलांना उंचीप्रमाणे उभे केले म्हणून शेजारी आलेली दोन मुले भाऊ ठरत नाहीत! 1859 मध्ये डार्विनने पुस्तक लिहिले आणि त्यात हा मुद्दा स्वच्छ मांडला की सजीवांचे खरे वर्गीकरण म्हणजे त्यांची वंशावळ. तेव्हापासून प्रश्नच बदलला. 'कोण कोणासारखे दिसते' हा प्रश्न मागे पडून 'कोण कोणाचे नातेवाईक' हा प्रश्न पुढे आला.

आता सागाकडे येतो. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात सिद्ध केला, त्यात साग व्हर्बिनेसी कुलात आहे. मराठी पुस्तकांत त्याला सरळ 'साग कुल' म्हणत. निर्गुडी, शिवण, भारंगी आणि बांधावर माजणारी घाणेरी हीही त्यातच. तुळस शेजारच्या घरात, म्हणजे तुलसी कुलात. दोन्ही घरांचे साम्य तेव्हाही लोकांना दिसत होते. तुळशीची कोवळी फांदी बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागते. सागाची कोवळी फांदीही चौकोनी असते. दोघांचीही पाने समोरासमोर. मग बारकाईने पाहताना लक्षात आले की घाणेरीसारख्यांचा फुलोरा खालून वर उमलत जातो आणि टोक वाढत राहते, तर साग-निर्गुडीच्या फुलोऱ्याची फांदी टोकाला फूल देऊन थांबते आणि पुढची फुले बगलेतून येतात. ही रीत तुळशीच्या घरची. 1990 च्या दशकात डीएनए वाचून तपासणी झाली तेव्हा हेच पक्के झाले. साग, निर्गुडी, शिवण, भारंगी ही सगळी तुळशीकडे राहायला गेली. गंमत अशी की 'साग कुल' पाटी लावलेल्या घरात आता साग नाही, घाणेरी आहे.

कट्ट्यावरच्या मित्राला मी हेच सांगितले, की साग बदलला नाही आणि पूर्वीच्या माणसांनी खोटेही लिहिले नाही. हातात जे पुरावे होते त्यावरून त्यांनी नाते लावले. नवा पुरावा आला, नाते दुरुस्त झाले. आपल्या घरी जुनी कागदपत्रे सापडली आणि कळले की शेजारच्या गावचे अमुक घराणे आपले चुलत आहे, तर आपण वंशावळीत ओळ घालतो. आजोबांना खोटे ठरवत नाही.

भिवंडीकरांसाठी याहून जवळचे उदाहरण खाडीचे आहे. खाडीकाठच्या चिखलात तिवरांची गर्दी दिसते. पेन्सिली उभ्या कराव्यात तशी त्यांची श्वासमुळे चिखलातून वर आलेली असतात. त्यांच्याच पायाशी काटेरी कडांच्या पानांची, निळसर जांभळ्या फुलांची मारांडी. मारांडी अडुळशाच्या कुळातली, हे जुनेच ज्ञान. तिवर मात्र सागाच्या कुळात होता, मग त्याला स्वतंत्र कुल दिले गेले, आणि शेवटी वंशावळ तपासल्यावर तो अडुळशाकडेच आला. म्हणजे खोकल्याचा अडुळसा, अबोली, कोरांटी, सह्याद्रीच्या उतारावरची कारवी, मारांडी आणि तिवर ही सारी एक कुळ. (जाता जाता, तिवराच्या शास्त्रीय नावात 'अ‍ॅव्हिसेनिया' आहे, तो शब्द इब्न सिना या थोर हकिमाच्या नावावरून लिनियसने घेतला. आमच्या गावात युनानी दवाखाने आहेत, तिथल्या किती जणांना हे ठाऊक असेल?)

पण याच खाडीत कांदळही उगवतो. त्याच पाण्यात, तशाच चिखलात. त्याचे नाते शोधायला गेलात तर तो तिवराजवळ सापडत नाही, पार दूर, एरंडाच्या गणात सापडतो. दोघांनी खाऱ्या पाण्यात जगण्याची विद्या स्वतंत्रपणे मिळवली. खारफुटी म्हणजे कूळ नव्हे, धंदा आहे. भिवंडीत राहणाऱ्याला हे समजायला अजिबात अवघड नाही. इथे मागावर काम करणारा कोणी उत्तर प्रदेशातला अन्सारी, कोणी तेलंगणातून आलेला पद्मशाली, कोणी इथलाच. खडखडाट एक, बोटांना लागलेला कापूस एक, पण म्हणून ते एका घराण्यातले होत नाहीत. सारखे काम केले की सारखे दिसू लागतात, एवढेच. वर्गीकरण करणाऱ्याची निम्मी हयात हा फरक ओळखण्यात जाते.

कमळाचेही असेच झाले. कमळ आणि कमोद एकाच तळ्यात, एकसारखी गोल पाने, देखणी फुले, म्हणून दोघांना एका कुलात घातले होते. तपासल्यावर कमळाचे जवळचे आप्त निघाले काश्मीरचा चिनार आणि चहाकॉफीच्या मळ्यात सावलीला लावतात तो सिल्व्हर ओक! वाळवी ही झुरळांचीच एक शाखा असल्याचे 2007 च्या सुमारास मान्य झाले. माझ्या पुस्तकांच्या कपाटाचा या दोन्ही मंडळींशी संबंध आल्यामुळे मला त्यात नवल वाटले नाही. आणि अळंबी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे, हे शाकाहारी मित्रांना मी सांगत नाही. श्रावणात उगाच वाद कशाला?

आता कट्ट्यावरच्या तक्रारीत तथ्य कुठे आहे तेही सांगतो, कारण ते आहे.

नाव आणि नाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाते पुराव्याने ठरते. नाव नियमाने ठरते. शास्त्रीय नावाचा कारभार बराचसा सातबाऱ्यासारखा चालतो. प्रत्येक नावामागे कुठल्यातरी संग्रहालयात दाबून वाळवलेला एक नमुना असतो, तो मूळ दस्त. नाव बदलले तर फेरफाराची नोंद होते, जुने नाव खोडून टाकत नाहीत, समानार्थी म्हणून ठेवतात. आणि जिथे सातबारा आहे तिथे तंटे असायचेच.

बाभळीचा तंटा ऐकण्यासारखा आहे. 'अकेशिया' हे नाव मूळ ग्रीक, नाईलकाठच्या काटेरी झाडाचे, म्हणजे आपल्याच बाभळीचे. पुढे या नावाखाली जगभरातल्या तेराशेहून अधिक जाती गोळा झाल्या. तपासणीत निघाले की ही एक वंशावळ नव्हे, अनेक आहेत, तेव्हा प्रजाती फोडायला हवी. इथपर्यंत ठीक. पण फोडल्यावर जुने नाव कोणी ठेवायचे? नियमाप्रमाणे ज्याच्या नमुन्यावर नाव बेतले त्याने, म्हणजे बाभळीने. पण ऑस्ट्रेलियात या झाडांच्या हजारभर जाती. तेवढी नावे बदलण्यापेक्षा इकडची थोडी बदला, असा प्रस्ताव आला. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान झाले. अर्ध्याहून जास्त मते प्रस्तावाविरुद्ध पडली, पण समितीची शिफारस फेटाळायला 60 टक्के लागत होती. ती मिळाली नाहीत. 2011 मध्ये मेलबर्नला शिक्कामोर्तब झाले. आज बाभूळ 'व्हॅचेलिया' आहे, चीनमध्ये झाडे गोळा करणाऱ्या एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावावरून. खैर 'सेनेगालिया' झाला. आणि सामाजिक वनीकरणवाल्यांनी कोकणभर लावलेले ते ऑस्ट्रेलियन झाड अधिकृतपणे 'अकेशिया' राहिले. आपले लोक त्याला पहिल्यापासून अकेशियाच म्हणत होते आणि बाभळीला बाभूळ, त्यामुळे व्यवहारात कोणाचे काही अडले नाही. पण ज्याच्या नावाचा दस्त त्यालाच घराबाहेर काढले, तेही बहुमत विरोधात असताना, हे मला पटलेले नाही. इथे मी कट्ट्याच्या बाजूने आहे. याला विज्ञान म्हणू नये, ही सोय आहे. बहुसंख्य जातींची सोय म्हणा हवे तर. 2024 मध्ये माद्रिदच्या परिषदेने आफ्रिकी लोकांना उद्देशून शिवीसारखा वापरला जाणारा एक शब्द दोनशेहून अधिक वनस्पतिनामांतून काढायचे ठरवले. तेही मतदानच, पण त्याला माझी हरकत नाही. कोणाला बोचणारे नाव बदलायचे असेल तर मतच घ्यावे लागणार, त्याला डीएनए काय करणार?

मग लोकांनी दिलेली नावेच का वापरू नयेत, असे कोणी म्हणेल. भाषेचा मास्तर म्हणून मला ते गोड वाटते, पण त्यात धोका आहे. 'ब्राह्मी' म्हणून आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, 'शंखपुष्पी'चीही तीच कथा. आणि पिवळा धोतरा! नाव धोतरा, पण धोतऱ्याशी नाते काही नाही. तो अफूच्या कुळातला, मेक्सिकोकडून आलेला. त्याचे बी मोहरीसारखे दिसते. 1998 मध्ये दिल्लीत त्याच्या तेलाची भेसळ झालेले मोहरीचे तेल खाऊन 60 हून अधिक माणसे दगावली. अशा वेळी कुठले बी, कुठल्या झाडाचे, हे एका नावाने आणि खात्रीने सांगणारा माणूस लागतो. तसा माणूस तयार व्हायला वीस वर्षे जातात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम, पुण्याचे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र आणि आघारकर संस्था इथे अशी माणसे घडली. पण आज बारावीतला हुशार मुलगा 'मी झाडे ओळखायला शिकणार' असे घरी म्हणाला, तर घरात काय होईल ते तुम्हीच ओळखा.

शाळेचाही यात वाटा आहे. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड मुले घडाघडा म्हणतात. शाळेच्या कुंपणावर कोणती वेल चढली आहे ते मात्र सांगता येत नाही. वर्गीकरण हा पाठांतराचा विषय झाला, तिथेच ते बदलते याचा लोकांना राग येऊ लागला. पाढे बदलले तर कोणालाही राग येईल. तुळशीची काडी आणि निर्गुडीची काडी मुलांच्या हातात देऊन 'यांच्यात सारखे काय ते शोधा' असे कोणी एकदा सांगितले असते, तर साग घर बदलून गेल्याचे ऐकून ती मुले रागावली नसती.

या उतरंडीतल्या दोन शब्दांबद्दल मला मास्तरकी केल्याशिवाय राहवत नाही. वर्तमानपत्रांत 'सह्याद्रीत पालीची नवी प्रजाती सापडली' असे छापून येते. बहुतेक वेळा सापडलेली असते ती नवी जाती. जात शब्द लिहायला संकोच वाटतो म्हणून प्रजाती लिहितात की काय कोण जाणे. नवी प्रजाती सापडणे ही फार मोठी गोष्ट. तशी ती 2016 मध्ये घडली. गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांचा अभ्यास करताना संशोधकांना काही सरडे इतके वेगळे आढळले की त्यांच्यासाठी नवी प्रजाती करावी लागली, आणि तिला नाव दिले 'सरडा'. आपला मराठी शब्द, रोमन लिपीत, जगभरच्या शास्त्रज्ञांच्या वहीत! तिच्यातली एक सुंदर जाती साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरची आहे, पवनचक्क्यांच्या पायथ्याशी राहणारी. पुढे 2018 मध्ये त्याच पठारावरच्या अभ्यासातून कळले की पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले आणि हे सरडे वाढले. सरड्याला नेमके नाव नसते तर हा हिशेब कोणी आणि कोणाचा मांडला असता?

संकोचाबद्दल म्हणाल तर तो मी समजू शकतो. 'जात' शब्द उच्चारला की आपल्या मनात झाडे येत नाहीत. पण शास्त्रातली जाती आणि समाजातली जात यांचा काही संबंध नाही, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवे, कारण न सांगता ती उलटे शिकतात. शास्त्राच्या हिशेबात सगळी माणसे एकच जाती, उपजातीही नाही. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्येच दाखवून दिले होते की जातिव्यवस्था ही वंशांची विभागणी नाही. खुद्द लिनियसने माणसांचे खंडांप्रमाणे चार प्रकार पाडून प्रत्येकाला स्वभाव चिकटवले होते, तोही गठ्ठा पुराव्यापुढे टिकला नाही. शिवाय निसर्गाच्या वंशावळीत वरची पायरी-खालची पायरी असा प्रकार नाही. तिवर अडुळशाच्या घरी आला म्हणजे बढती झाली नाही की बाटला नाही.

आता थोडे आपल्या गावाकडे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही करायची आहे. वर्षानुवर्षे काम रेंगाळले होते. राष्ट्रीय हरित लवादाने 2020 च्या जानेवारीअखेरची मुदत दिली, पुढे दरमहा दहा लाख दंड सांगितला, आणि पाहता पाहता देशात अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या तयार झाल्या! दंडाच्या धाकाने झालेल्या वह्यांत काय दर्जाचे लिहिले असेल, याची कल्पना ज्याने कधी तपासणीच्या आदल्या रात्री शाळेचे दफ्तर पूर्ण होताना पाहिले आहे त्याला येईल. तरी वही असणे बरे, कारण तिच्यात भर घालता येते.

त्या वहीत स्थानिक नावाचा रकाना असतो आणि शास्त्रीय नावाचाही. पहिला रकाना भरणारी माणसे म्हणजे खाडीकाठच्या कोळी-आगरी बाया आणि वाड्यांवरची कातकरी मंडळी. त्यातली जुनी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. दुसरा रकाना भरणारे आधीच मोजके उरले आहेत. न्यायालयाने 2005 पासून खारफुटी तोडायला बंदी घातली आहे, पण आमच्याकडे गोदामे कुठवर आली आहेत हे ठाण्याहून भिवंडीला येताना गाडीच्या खिडकीतून दिसते. भराव टाकलेल्या जागी आधी तिवर होता, कांदळ होता की नुसते गवत, हे सांगायला निदान कागद तरी हवा.

माझे काही जुने विद्यार्थी खाडीकाठच्या गावांत राहतात, त्यांच्याही आता पन्नाशी-साठी उलटल्या. त्यांना मी सांगितले आहे, आईला, आजीला विचारा, कोणत्या झाडाला काय म्हणतात ते लिहा, आणि शक्य झाले तर पानाफुलाचा फोटो सोबत पाठवा. चारपाच जणांनी पाठवलेही. एकाने तिवराच्या फोटोखाली लिहिले आहे, 'सर, कुल रिकामे ठेवले आहे, पुन्हा बदलले तर?' त्याला मी उत्तर दिले, पेन्सिलीने लिही.